मोबाईलच्या आधी घर बघा
एकांनी लिहिलंय की पोरं मोबाईलमुळं बिघडली. मला नाही पटत. आमच्या बीडकडं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता (म्हणजे नवरा-बायकोची जोडी) निघाला की आई-बाप थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, पोरगी आजीजवळ. अन् बाप रोज पिऊन येणारा असेल तर तो गावात असून नसल्यासारखाच; दिवेलागणीला पोरगी भीतीनं शेजारी जाऊन बसते. मायेनं बोलणारा पहिला माणूस तिला आपला वाटतो, मग तो वयानं कितीका मोठा असेना. (सगळ्याच घरांत असं होत नाही, आजी खंबीर असली तर पोरं सावरतात.) घरच्यांना अशा प्रेमाची कुणकुण लागली की १८ च्या आत लग्न उरकतात, बेकायदा असूनही! अडचणीतल्या पोरांसाठी १०९८ हा नंबर फुकट आहे, शाळेच्या भिंतीवर ठळक लिहा.