मदत हवी आहे : वावरातल्या पिल्लासाठी नाव सुचवा

राम राम मंडळी. ताडोबाच्या बफरला लागून आमचं वावर आहे. रानडुक्कर आणि रोह्याच्या (नीलगायीच्या) भीतीनं रात्री जागलीला जावंच लागते. सोबतीला गावठी कुत्रीचं पिल्लू आणलं आहे. मादी आहे, तांबूस रंगाची. एक कान उभा, दुसरा पडलेला. दिवसभर पऱ्हाटीच्या ओळीत उंदरांची बिळं उकरते आणि नाक मातीनं माखून घेऊन येते. भुंकणं मात्र आतापासूनच दणदणीत!

घरात नावावरून रोज वाद. पोट्टे म्हणतात ‘वाघ्या’सारखं ‘वाघी’ ठेवा. पण आमच्या भागात संध्याकाळी धुऱ्यावरून ‘वाघी, वाघी’ असं ओरडलं तर शेजारचे लोक काठ्या घेऊन धावतील ना बाप्पा! ‘रोझी’, ‘लुसी’ मला नको. आईला ‘सरमा’ आवडलं. ऋग्वेदातली ती देवांची कुत्री, चोरलेल्या गाई हुडकून काढणारी. अर्थ झकास आहे, पण लांबून हाक मारली की मधलं अक्षर हरवते.

नाव दोन-अडीच अक्षरी हवं. ‘बस’, ‘नको’ अशा रोजच्या शब्दांशी मिळतंजुळतं नको, नाहीतर तिचा गोंधळ होईल. शेवटी ‘ई’ किंवा ‘आ’ असला तर बरा, हाक ताणता येते. खोडकरपणा आणि राखणदारी दोन्ही त्यात दिसलं पाहिजे.

सध्या ‘ठिणगी’ आणि ‘बिजली’वर गाडी अडली आहे. यातलं कोणतं? की तुमच्याकडे अस्सल वऱ्हाडी-झाडीतलं काही आहे? लवकर सांगा, पोट्टे तिला ‘ए बुढे’ म्हणायला लागले आहेत आणि ती ओ पण देते.