शब्दचर्चा : ‘मनन करा’ म्हणजे नेमके काय करा?

विचारणा (मिरज) : बायबलच्या नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्र ४:८ मध्ये सत्य, शुद्ध अशा आठ गोष्टींची यादी देऊन शेवटी ‘त्यांचे मनन करा’ असे आहे. उपासनेत याचा अर्थ बहुधा ‘मनात चांगले विचार आणा’ असा सांगतात. एवढाच अर्थ आहे का?

सांगलीकर : नाही. मूळ ग्रीक क्रियापद ‘लोगिझोमाय’ हे हिशेबातलेही आहे : मोजणे, खात्यावर धरणे. आपल्या मार्केट यार्डातल्या भाषेत ‘जमेस धरा’. हळदीचे पोते काट्यावर चढल्याशिवाय पट्टीवर (हिशेबाच्या कागदावर) येत नाही, तसे दिसलेले चांगले मोजून धरायचे. करिंथकरांस पहिले पत्र १३:५ मधल्या ‘अपकार स्मरत नाही’ इथेही हेच क्रियापद आहे. म्हणजे प्रीती अपकारांची खतावणी करत नाही. दोन्ही वचने शेजारी ठेवून वाचा. एक खाते रोज भरायचे, दुसरे उघडायचेच नाही.

वाईकर : त्याच यादीतल्या ‘श्रवणीय’कडेही लक्ष द्या. आपण तो शब्द भजनाला लावतो. इथे अर्थ ‘ज्याबद्दल चांगले बोलले जाते’ असा आहे.
आचरणात आणायचे तर सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय, सद्गुण, स्तुती या आठांपैकी रोज एकच शब्द घ्या. रात्रीच्या प्रार्थनेआधी त्याखाली एक ओळ लिहा : कोणी, काय, कुठे. ‘शेजारी चांगले आहेत’ ही नोंद नव्हे. ‘नळाला पाणी कमी होते, तरी शेजारच्या काकूंनी आधी आपली घागर भरू दिली’ ही नोंद. आठही शब्द एका बैठकीत घेतले की ओढूनताणून लिहिले जाते आणि आठवड्यात वही बंद पडते.

कराडकर : यात एक मोठी चूक होते. मंडळीत (चर्चमध्ये) तंटा असला की हेच वचन पुढे करून तोंडे बंद करतात. याच अध्यायात दुसऱ्या ओवीत पत्र लिहिणारा पौल तिथल्या मंडळीतल्या, आपसात न पटणाऱ्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींची नावे घेऊन ‘एकचित्त व्हा’ म्हणतो, तेही बंदिवासातून लिहिताना. यादीत पहिला शब्द सत्य, तिसरा न्याय्य. एखाद्याची मजुरी थकली असेल तर त्याला ‘चांगले तेवढे बघ’ म्हणणे या वचनात बसत नाही. आधी मजुरी द्यायची.

मिरज : मग रोमकरांस पत्र १२:२१ मधल्या ‘बऱ्याने वाइटाला जिंक’ याचा अर्थ काय?

सांगलीकर : तिथे ‘बरे’ म्हणजे चांगले. आज ‘बरे’ म्हटले की पोरांना ‘ठीकठाक’ किंवा ‘दुखण्यातून उठलेला’ एवढेच कळते. संडेस्कूलमध्ये वाचताना लगेच ‘म्हणजे चांगल्याने’ असे जोडून सांगा.