अँका व्हॅस्क्युलायटिस: बायोप्सीवरून किडनीचं भवितव्य कितपत सांगता येतं?

नेफ्रो_रेसिडेंट:
५२ वर्षांच्या बाई, अँका व्हॅस्क्युलायटिस (स्वतःच्याच अँटिबॉडींमुळे बारीक रक्तवाहिन्यांना येणारी सूज), एमपीओ-अँका ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह, क्रिएटिनिन ४.२, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) १२. बायोप्सीत १६ ग्लोमेरुलाय (किडनीतल्या गाळण्या): ३ नॉर्मल, ६ सेल्युलर क्रेसेंट (पेशींची ताजी चंद्रकोर), ३ फायब्रस क्रेसेंट (व्रण झालेली जुनी चंद्रकोर), ४ पूर्ण स्क्लेरोज्ड (व्रण होऊन निकामी). ट्यूब्युलर अ‍ॅट्रोफी-फायब्रोसिस (किडनीतल्या नलिका सुकणं आणि व्रण) ३० टक्के. बर्डन (Berden) यांच्या बायोप्सी वर्गीकरणातला वर्ग धरू की रिस्क स्कोर? नातेवाईक डायलिसिसचं विचारताहेत.

किडनी_ओपीडी:
बर्डनमध्ये क्रम चुकवू नका. आधी स्क्लेरोज्ड निम्मे आहेत का ते बघायचं, मग नॉर्मल, मग सेल्युलर क्रेसेंट. इथे २५, १९ आणि ३८ टक्के. निम्मं काहीच नाही, म्हणून मिक्स्ड. २०१० च्या मूळ १०० रुग्णांत पाच वर्षांनी किडनी टिकण्याचं प्रमाण फोकल ९३, क्रेसेंटिक ७६, मिक्स्ड ६१, स्क्लेरोटिक ५० टक्के होतं. पुढच्या अभ्यासांत मधल्या दोन वर्गांचा क्रम कायम राहिला नाही. त्यामुळे नुसत्या ‘मिक्स्ड’वर विसंबू नये.

२०१८ चा रीनल रिस्क स्कोर इथे जास्त कामाचा. नॉर्मल १० ते २५ टक्के, गुण ४ (१० च्या खाली ६, २५ च्या वर ०). अ‍ॅट्रोफी-फायब्रोसिस २५ च्या वर, गुण २. ईजीएफआर १५ किंवा कमी, गुण ३. बेरीज ९. आठपासून पुढे हाय रिस्क. मूळ गटात अशांपैकी ६८ टक्के रुग्णांची किडनी तीन वर्षांत निकामी झाली. दोन ते सातला २६ टक्के, शून्याला एकही नाही.

काचपट्टी:
बेरजेआधी मोजणी तपासा. कडेने कापलेला ग्लोमेरुलस एका सेक्शनमध्ये नॉर्मल दिसतो आणि पुढच्या लेव्हलला (आणखी खोल कापलेल्या थरात) त्यातच क्रेसेंट निघतो. पीएएस आणि सिल्व्हर या रंगांवर लेव्हल्स बघितल्याशिवाय ‘नॉर्मल’ लिहू नये. आठच ग्लोमेरुलाय मिळाले तर २ नॉर्मल म्हणजे २५ टक्के, गुण ४. ३ नॉर्मल म्हणजे ३८ टक्के, गुण ०. एका ग्लोमेरुलसने रुग्णाचा गट बदलतो! दहापेक्षा कमी असतील तर रिपोर्टात तसं स्पष्ट लिहा. सगळे कोअर (सुईने काढलेले तुकडे) फॉर्मालिनमध्ये टाकू नका; आयएफचा (इम्युनोफ्लुरोसन्स, चमकत्या रंगाने अँटिबॉडी शोधणारी तपासणी) तुकडा मिशेल माध्यमात वेगळा पाठवा. आयजीजी ही अँटिबॉडी रेषेसारखी लागली तर अँटी-जीबीएम (ग्लोमेरुलसच्या पडद्याविरुद्धची अँटिबॉडी) तपासणी तातडीने करा, मग हा स्कोर लागू नाही.

नेफ्रो_रेसिडेंट:
आयएफ निगेटिव्ह आहे. मग स्कोर ९ म्हणून उपचार हलके ठेवायचे का?

किडनी_ओपीडी:
मुळीच नाही. सहा सेल्युलर क्रेसेंट म्हणजे आजार अजून पेटलेला आहे, आणि औषधाने विझतो तो हाच भाग. फायब्रस क्रेसेंट आणि स्क्लेरोसिस पूर्ववत होत नाहीत. स्टेरॉइडसोबत रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड पूर्ण द्या. डायलिसिस लागलं, तीन महिन्यांत ते सुटलं नाही आणि किडनीबाहेर आजार नसेल, तेव्हा इम्युनोसप्रेशन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) थांबवण्याचा विचार करा. नातेवाइकांना टक्केवारी सांगायला हरकत नाही, पण हा गटाचा आकडा आहे, या बाईंचा निकाल नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. फिस्टुलासाठी (डायलिसिसकरता शीर आणि धमनीची जोडणी) हाताची शीर राखून ठेवा: रक्त काढणं, सलाइन, सगळं मनगटाच्या खाली, हाताच्या पाठीवर.