मनातलं लिहून काढता का? आपापला अनुभव सांगा

मुंबईत एकटं बसायला जागा मिळत नाही आणि मन मोकळं करायला माणूस मिळेलच असंही नाही. म्हणून वहीत, फोनवर, स्वतःच्या ब्लॉगवर लिहिणारे आपल्यात बरेच जण आहेत. सुरुवात कशी झाली, सवय कशामुळे टिकली, कोणाला वाचू दिलं, हे सविस्तर सांगा. ‘लिहिलं की हलकं वाटतं’ एवढ्यावर थांबू नका, कारण लगेच हलकं वाटतंच असं नाही. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक घटनेबद्दल लिहायचं. लिहून उठल्यावर मुलं आणखी उदास होती. पण जे घडलं ते आणि जे वाटलं तेही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या ६ महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. तुमचं काय झालं?

बोरिवली, बँकेत नोकरी

बाबा गेले तेव्हा मी आईला सावरत होते, भावाला सावरत होते. स्वतःसाठी वेळ होता तो फक्त लोकलमधला, म्हणून फोनवर लिहायला लागले. ‘बाबांची आठवण येते’ एवढं लिहून व्हायचं आणि पुढे काही सुचायचं नाही. मग एकदा त्यांच्या चष्म्याच्या डबीबद्दल लिहिलं. डबीत मुदत संपलेला रेल्वेचा पास होता आणि घडी करून ठेवलेली गोळ्यांची यादी. यादी त्यांच्याच अक्षरातली. रक्तदाबाच्या गोळीपुढे ‘नाश्त्यानंतर’ लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. डायलिसिसच्या वर्षांत हा माणूस आम्हाला त्रास नको म्हणून किती सांभाळून राहिला, ते मला त्या दोन रेघांबद्दल लिहिताना कळलं. दादर येईपर्यंत डोळ्यांचं पाणी थांबलं नाही.

नंतर ब्लॉग उघडला, पण फक्त मलाच दिसेल असा. वर्षश्राद्ध झाल्यावर तो भावाला आणि आत्याला वाचायला दिला. वाचून आत्याचा फोन आला. चष्म्याच्या डबीत पास ठेवायची सवय मूळची आजोबांची, हे तिने सांगितलं. त्या रात्री आम्ही दोघी बाबांच्या लहानपणाबद्दल बोलत बसलो. वाचणारं एकच माणूस असलं तरी चालेल, पण ते आपलं हवं, असं मला मनापासून वाटतं.

लालबाग, निवृत्त

माझी वही आहे, ब्लॉग नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी मागावर होतो, नुकतंच लग्न झालं होतं. दहा बाय बाराची खोली, त्यात आई-वडील, भावंडं आणि आम्ही दोघं. बाप्यामाणसाने रडावं अशी जागाच नव्हती. वाण्याच्या उधारीची वही होती, ती मागच्या पानापासून उलटी लिहायला घेतली. पुढून तांदूळ, रॉकेल, साखर, मागून माझं. गावी जावं की थांबावं, बायकोच्या पाटल्या मोडल्या त्या दिवशी ती काय बोलली आणि काय बोलली नाही, सगळं. आमच्या चाळीतले किती तरी जण त्या काळात दारूने गेले. मी त्या वाटेला गेलो नाही, त्याचं श्रेय मी बायकोला आणि त्या वहीला देतो. अजूनही पहाटे पाणी भरून झालं की लिहायला बसतो.

अंधेरी, आयटी

काका, तुमचं वाचून गलबललं. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. नोकरी गेली तेव्हा रोज रात्री लिहायचो आणि तेच तेच लिहायचो: आता पुढे काय, हप्ते कसे भरायचे. लिहून झोप उडायची. समुपदेशक ताईंनी लिहिणं सोडायला सांगितलं नाही, पद्धत बदलायला सांगितली. रात्री नाही, संध्याकाळी. गजर लावून. आधी घडलेलं, मग वाटलेलं, शेवटी उद्याचं एक काम. तेच वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागलं की वही मिटायची आणि खाली उतरून चालायला जायचं. याने फरक पडला.

परळ, परिचारिका

२०२० मध्ये कोविड वॉर्डात ड्युटी होती तेव्हापासून लिहिते. नियम एकच: पेशंटचं नाव, गाव, खाटेचा नंबर काही लिहायचं नाही. त्यांचं दुःख त्यांचं आहे. मी माझ्या हातांबद्दल लिहिलं. व्हिडिओ कॉलसाठी फोन धरून उभी होते, ग्लोव्हजमध्ये घाम साचला होता, पलीकडून मुलगी हाका मारत होती आणि फोन हलू नये म्हणून मी कोपर खाटेच्या दांडीला टेकवलं होतं. सोबतच्या मुलींना काय सांगणार, त्यांचीही तीच गत होती.

मुलुंड, सध्या रजेवर

मला लिहायचं आहे, पण घरात वही कुणी ना कुणी उघडेल. बाळ लहान आहे. संध्याकाळ झाली की कारण नसताना रडू येतं. काय करू?

लालबाग

पोरी, लिही आणि फाडून टाक. कागद ठेवलाच पाहिजे असं कुठे आहे?

बोरिवली

किंवा फोनवर लिही, त्या अ‍ॅपला वेगळा पासवर्ड ठेव. बाळ मांडीवर असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोल, तो लिहून घेतो. चुका होतात, होऊ देत.

परळ

लिही, नक्की लिही. पण बाळंतपणानंतरचं असं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुझं त्यापुढेही चालू असेल तर नुसत्या लिहिण्यावर भागवू नकोस, डॉक्टरांना सांग. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार आला तर क्षणभरही थांबू नकोस, घरच्यांना उठव आणि हॉस्पिटल गाठ.

मुलुंड

बाळ सव्वादोन महिन्यांचं आहे. तसले विचार नाहीत, पण रडू थांबलेलं नाही. बोलायला जमत नव्हतं म्हणून रात्री सगळं फोनवर लिहिलं आणि सकाळी नवऱ्याला वाचायला दिलं. सोमवारी दोघं डॉक्टरांकडे जातोय.