माणसांची डोकी चपटी येतात, कवटी अन् फिगर कशी पक्की करू?

कोरा_कागद: बीएफए सीईटीची (चित्रकलेच्या पदवीची प्रवेश परीक्षा) तयारी गावातूनच चालू आहे. ऑब्जेक्ट ड्रॉइंग (समोरच्या वस्तू पाहून काढणं) जमते, पण मेमरी ड्रॉइंगमध्ये (आठवून काढणं) माणसं आली की डोकी वरून चपटी होतात. क्लास तालुक्यालाही नाही. प्लास्टरचं डोकं, कवटी काहीच हाताशी नाही. फोटो पाहून काढलं तर चालते का?

कोळसापेन्सिल: डोळे फार वर काढले जात असतील. नजर नाक-तोंडावर खिळते, कपाळावरचा भाग कोणी मोजतच नाही. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजा, डोळे मधोमध येतात. केसांची जाडी त्याच्यावर वेगळी. लहान पोराचे डोळे मध्याच्या खाली असतात. तिथं मोठ्याचं माप लावलं की पोरगं बुटका म्हातारा दिसते.

कवटी आधी बाजूनं शिका, समोरून ती सगळ्यांनाच जमल्यासारखी वाटते. बाजूनं पाहिली तर उंची अन् खोली जवळपास सारखी, अन् कान मध्यरेषेच्या जरासा मागे. कानामागं दोन बोटं जागा सोडून थांबलात तर मागचं डोकं कापल्यासारखं दिसणारच. आधी गोळा काढा, कानशिलांकडून दोन्ही बाजू चपट्या करा, मग पुढं जबडा जोडा. डोळ्यांच्या खोबण्या गोल काढू नका. त्या चौकोनाकडं झुकतात, बाहेरचा कोपरा खाली उतरलेला. नाकाचं हाड वरच्या भागापुरतंच, खाली कूर्चा, म्हणून कवटीत तिथं भोक. गालाचं हाड डोळ्याखालून कानापर्यंत कमानीसारखं जाते. ही कमान सापडली की गालाची सावली कुठं मोडते ते कळते.

म्हाताऱ्या चेहऱ्यावर नुसत्या सुरकुत्या ओढून वय येत नाही. दात गेले की त्यांना धरणारं हाड झिजते, हनुवटी नाकाकडं सरकते. नाकाखालचा भाग आखूड करा, दोन सुरकुत्यांत काम होते.

गाडगंमडकं: शाळेच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचा सांगाडा आहे का, सरांना विचारा. नसला तर मातीचं डोकं करा. शेतातली काळी माती नको, सुकताना आकसून भेगाळते. कुंभाराकडून ३-४ किलो मळलेली आणा, थोडा पिंजलेला कापूस मिसळा. लाकडी फळीवर काठी उभी ठोका अन् तिला ओल्या पेपरचे वेढे द्या. माती आकसताना कागद दबतो. कोरड्या काठीवर डोकं उभं फुटते. नाक-डोळे कोरू नका, चाकूनं सपाट पातळ्या कापा: कपाळ, कानशील, गाल, हनुवटी. सावलीत वाळवा. मग एकाच बाजूनं, जरा वरून बल्ब; बाकीचे दिवे बंद.

कोरा_कागद: हे करतो जी. फोटोचं अन् पूर्ण माणसाचं काय?

एसटी_स्टँड: फोटो चालते, सेल्फी नाही. जवळून काढला की नाक फुगते, कान मागं जातात. निदान २ मीटर लांबून, झूम करून काढा. अन् पॅड मांडीवर आडवं ठेवू नका. कागदाचा वरचा भाग डोळ्याला आखूड दिसतो, हात तो लांबवतो. उभं केल्यावर माणूस ताणलेला निघतो.

मोठा माणूस उंचीला साडेसात डोकी धरा, मांडी घालून बसला तर टाळू ते जमीन साधारण ४. पेन्सिलीनं मोजताना कोपर पूर्ण सरळ अन् एक डोळा बंद. कोपर वाकलं की माप बदललंच.

सरावाला कापूस वेचणाऱ्या बायांसारखं मॉडेल नाही. तीच हालचाल पुन्हा पुन्हा येते, म्हणून पानावर चार अर्धवट आकृत्या सुरू ठेवा, जी पोज परत आली ती पुढं न्या. कागद न्यूजप्रिंट, पेन्सिल ४बी, एका आकृतीला १ मिनिट, खोडरबर घरी. वाकलेलं माणूस पाठीतून मोडू नका, घडी खुब्यात पडते. कमरेची ओटी (वेचलेला कापूस ठेवायची झोळी) भरलेली असली तर वजन पुढं येते, ढुंगण तेवढंच मागं जाते. तोल पाहायला गळ्यापासून ओळंबा (सरळ खाली रेघ) सोडून पाहू नका, तो उभ्या माणसालाच लागू.

कोळसापेन्सिल: एसटी भाऊ, मिनिटाच्या स्केचसोबत आठवड्यात एक तरी २ तासांचं बसून काढलेलं डोकं पाहिजे, नाहीतर हात चालतो अन् डोळा कच्चा राहते.

कोरा_कागद: पदर किंवा फेटा असला तर डोक्याचं माप कसं घ्यायचं?

कोळसापेन्सिल: डोळ्यापासून हनुवटी मोजा, तेवढंच वर घ्या, तिथं टाळू. कवटी फिक्या रेषेत पूर्ण काढा, मग फेटा. पदर टाळूला टेकतो अन् कानाजवळ सुटा होतो, तिथं गडद सावली द्या.