मदत हवी आहे: १९४५ च्या मकरान भूकंपानंतर मुंबईच्या किनाऱ्यावर आलेलं पाणी, कोणाच्या घरी आठवण आहे का?

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या कोळीवाड्यांबद्दल एक टिपण लिहितोय. त्यात एक प्रकरण अडलंय, म्हणून हा धागा.

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे अरबी भूपट्ट युरेशियाच्या पट्टाखाली सरकतो. पसनी आणि ओरमारा या मच्छीमार वस्त्यांना सगळ्यात जास्त फटका बसला. ओरमाऱ्याचा किनारा जवळजवळ दोन मीटर वर उचलला गेला, हिंगोल नदीच्या मुखापुढच्या समुद्रात चिखलाची बेटं वर आली (पुढे लाटांनी ती खाऊन टाकली), आणि तळातून गेलेल्या तारायंत्राच्या तारा तुटल्या. कराचीत साडेपाचपासून लाटा येत होत्या, सगळ्यात मोठी आली ती सव्वाआठला. मृतांचा ४००० हा आकडा सगळीकडे फिरतो, पण नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे आणि मलाही तो फुगलेला वाटतो.

आता आपल्याकडचं. मुंबईत पाणी चढलं तेही सकाळी सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे भूकंपानंतर पावणेपाच तासांनी. उंची सुमारे दोन मीटर सांगतात. वर्सोव्याला ५ आणि हाजी अलीला ६ माणसं वाहून गेली, शहरात एकूण १५ च्या आसपास. दांडा आणि जुहूला नांगरलेल्या होड्यांचे दोर तुटले. बंदराचं मात्र काही नुकसान झालं नाही. पाहणाऱ्यांनी सांगितलं ते असं, की भिंतीसारखी लाट वगैरे नव्हती, भरतीच होती, फक्त भलत्याच वेगाने आलेली.

इथेच माझं कुतूहल वाढलं. पंचांग मागे नेलं तर तो दिवस कार्तिक वद्य अष्टमी-नवमीच्या आसपासचा येतो, म्हणजे भांगाचे दिवस (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो ते; उधाणाच्या उलट). ज्यांचं सगळं कामकाज उधाण-भांगावर चालतं, त्यांना भांगात असं पाणी चढलेलं खटकल्याशिवाय राहणार नाही. मग ही आठवण गेली कुठे? दांड्यात दोन-तीन घरी विचारून पाहिलं, तर गोष्टी निघाल्या त्या वादळांच्या.

तर मदत अशी हवी आहे:

वर्सोवा, जुहू, दांडा, वरळी, माहीम इथल्या कोणाच्या आजी-आजोबांकडून काही ऐकलंय का? कोणाची होडी गेली, ती परत मिळाली का, त्या दिवशी मासळी बाजारात गेली का, असं काहीही. आता पंचाऐंशी-नव्वदीत असलेल्यांनी हे लहानपणी पाहिलेलं असू शकतं. विचारताना कृपया 'त्सुनामी आली होती का' असं विचारू नका, २००४ साली टीव्हीवर पाहिलेलं त्यात मिसळतं. 'थंडीच्या दिवसांत, वारा नसताना पाणी अवेळी चढलं होतं का' असं विचारलेलं बरं.

दुसरं, अलिबाग, श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडे याची काही खूण? पाणी फक्त मुंबईपुरतं थांबलं असेल असं वाटत नाही.

तिसरं, नोव्हेंबर-डिसेंबर १९४५ चे नवाकाळ आणि केसरीचे अंक नीट वाचता येतील अशा अवस्थेत कुठे आहेत? दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय की आणखी कुठे? आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात त्या वर्षीचे पोलिसांचे कागद बघायचे असतील तर अर्ज कसा करायचा, कोणी केलाय का?

ऐकीव असलं तरी चालेल, फक्त कोणी कोणाला सांगितलं एवढं लिहा. घरातली नावं इथे उघड करायची नसतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.