रिकामी गाडी काँक्रीटवर का उडते?

दहाटायरी: ट्रकने लासलगावचा कांदा वाशीला उतरवून रिकामा परततो. भरलेली गाडी काँक्रीटवर गपगुमान चालते. रिकामी साठला गेली की धडधड सुरू, सीटमागचा पाण्याचा कॅन नाचतो. स्प्रिंगचे पाटे बदलू का?

गॅरेजवाला: बदलू नका. ते भरल्या वजनासाठीच असतात, रिकाम्या गाडीला दगडासारखेच लागणार. आधी पाट्यांच्या पिना बघा, ग्रीस मारा.

रस्तेमोज्या: काँक्रीटचे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी साठला सेकंदाला पावणेचार ठोके! रिकाम्या ट्रकचा स्वतःचा हिंदोळाही त्याच्याच आसपास. ताल जुळला की संपलं. वेग बदलून बघा.

दहाटायरी: पन्नासवर आलो, कॅन गप्प. पुलाच्या सांध्यावर डोकं अजून टपाला लागतंय, तिथे काय ग्रीस मारू?